रुखमाबाईंची पाटी

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत मी चौकस म्हणून बदनाम आहे. असू दे. शेजारची बाई खाटेला खिळलेली, तिचा नवरा ड्यूटीवर गेलेला, दाराला आतून खटका, आणि तरी त्या घरात रेडिओ लागतो, कूलर बंद होतो, टाकी भरून वाहायच्या आत मोटर थांबते. अशा वेळी मी काय कोथिंबीर निवडत बसू? मी वाटीत थोडं लोणचं घातलं आणि निघाले. शेजारी जाताना हातात वाटी असावी. रिकाम्या हातानं गेलं तर तो भोचकपणा होतो, वाटी असली की शेजारधर्म.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. शेजारचे चंपतराव खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल रूमला होते. मूळचे उमरेडकडचे, शेतकरी घरातले. चार शब्द बोलले की दिवसभराचा कोटा संपला अशा स्वभावाचे. सगळं बोलणं त्यांच्या बायकोच्या वाट्याला आलं होतं. रुखमाबाई ओसरीत उभ्या राहून भाजीवाल्याला हाक मारत, तेव्हा पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही वळून बघे. दिवाळीच्या आधी फळीवरचा डबा काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड सांधायला महिने लागणार, तोवर पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्यांची एकुलती एक मुलगी लतिका चांद्याला दिलेली. ती आली, चार-सहा आठवडे राहिली, आणि जाताना तिनं विषय काढला. आईनं चांद्याला यावं, घराला कुलूप लावावं, बाबांनी नोकरीची राहिलेली वर्षं खापरखेड्याला मेसमध्ये जेवून काढावीत. बोलणं काही वावगं नव्हतं. मुलगी काळजीनंच बोलत होती. पण रुखमाबाईंनी हे घर उभं राहताना रोज स्वतः विटांवर पाणी मारलं होतं.

"घराले कुलूप लावलं की मी पाहुणी," त्या म्हणाल्या. "तुह्या घरी मले चहा प्यावा वाटला तं तुले विचारा लागन. मी नाही येत."

"मंग बाबा ड्यूटीवर गेल्यावर एकटी कशी राहशील?"

"राहून दाखवतो ना."

शेवटी ठरलं असं की उन्हाळा लागला की लतिका येऊन बघेल. घर एकटीनं सांभाळता येतंय असं दिसलं तर ठीक. नाही तर त्याच गाडीनं आई चांद्याला. हे माझ्यासमोर ठरलं. मी तेव्हाही वाटीच परत करायला गेले होते.

त्यानंतर चंपतराव सुटीच्या दिवशी कबाड्यांकडे दिसू लागले. जुनी बटणं, वायरचे गुंडाळे, कुठल्याशा मोडक्या यंत्राच्या तांब्याच्या कॉइली. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या कंट्रोल रूममध्ये माणूस खुर्चीवरून उठत नाही अन् तिकडं दूरचा पंप सुरू होते. मंग घरी काहून नाही होणार?" एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी लतिकाची शाळेतली पाटी माळ्यावरून काढली. दगड फुटला होता, लाकडी चौकट शाबूत होती. चौकटीत फळी बसवली, फळीवर बटणं, प्रत्येक बटणाच्या डोक्यावर टॉर्चचा इवला बल्ब. मागून वायरींची जाडजूड वेणी निघाली, ती भिंतीवरच्या पेटीत गेली आणि तिथून घरभर पसरली. रुखमाबाईंच्या मांडीवर पाटी ठेवली की रेडिओ, पंखा, कूलर, विहिरीवरची मोटर सगळं त्यांच्या बोटाखाली. दारालासुद्धा चंपतरावांनी कॉइलचा खटका बसवला होता. बटण दाबलं की 'खट्' आवाज होऊन दार सुटायचं; मी लोणच्याची वाटी घेऊन गेले तेव्हा मलाही तसंच आत घेतलं. बाहेरून उघडायची किल्ली एकच, ती चंपतरावांकडे. मी म्हटलं, एक माझ्याकडे ठेवा, तर रुखमाबाई म्हणाल्या, "तुमच्यापाशी किल्ली असन तं मंग मी पाटी कायले धरू?"

सुरुवातीला मात्र त्या पाटीवर रागावल्या होत्या. कारण ऐकून मी चाट पडले. बटण दाबलं की बल्ब लागायचा, पण त्यांनी नवऱ्याला विचारलं, "हे बत्ती मी बटन दाबलं म्हणून लागली, का तिकडं मोटर चालू झाली म्हणून?"

चंपतराव म्हणाले, "बटन दाबलं म्हणून."

"मंग तिचा काय फायदा? बटन दाबलं हे मले मालूम हाय. मोटर चालली का नाही ते सांग म्हणा तिले."

चंपतरावांनी सगळी जोडणी उसवली आणि पुन्हा केली. आता मोटर खरंच फिरली तरच बत्ती लागे, दार खरंच बंद झालं तरच दाराची बत्ती पेटे. "कंट्रोल रूममध्ये असंच असते," ते मला कुंपणापाशी म्हणाले, आणि त्यांना बायकोचा इतका अभिमान वाटत होता की तो लपवताना त्यांची पंचाईत झाली.

पाटीवरचं एक बटण माझंही होतं. त्याची वायर भिंतीवरून येऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या घंटीला जोडलेली. एकदा वाजली तर चहाला या, वाजतच राहिली तर धावत या. आमच्या ह्यांना, विश्वनाथरावांना, ही घंटी अजिबात आवडली नाही. "तुला आधीच कमी कारणं होती का?" असं त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण घंटी वाजली.

रुखमाबाईंना पाटीचा नाद लागला. त्या डोळे मिटून आवाज ऐकत. मोटरीनं पाणी धरलं की तिचा सूर बदलतो, हे मला त्यांनी दाखवलं. कूलरचं गवत वाळलं की वास आधी जातो आणि गारवा मागून जातो, हेही. पडून असलेल्या बाईला घर इतकं ऐकू येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथं उगाच तासन्‌तास बसायची आणि बटणं दाबून बघायची परवानगी मागायची. एकदा मिळाली.

आता पॉवर हाऊसवाल्यांची एक रीत सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. तिथं यंत्रावर हात घालायचा तर आधी परमिट घ्यायचं. म्हणजे त्या यंत्राची वीज तोडायची, फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचा आणि बटणावर इशाऱ्याची पाटी लटकवायची: माणूस कामावर आहे, हात लावू नका. ज्यानं ती लटकवली त्यानंच काढायची. साहेब आला तरी दुसऱ्यानं शिवायचं नाही, कारण कामावरच्या माणसाचा जीव त्या खिशात असतो. चंपतराव घरीसुद्धा ही रीत पाळत. कूलरचा पंप साफ करायचा असला तरी आधी पेटीतला फ्यूज, तो साऱ्या घराला एकच होता, काढून खिशात टाकत आणि बायकोच्या पाटीला इशाऱ्याचा पुठ्ठा अडकवत. मला हसू यायचं. रुखमाबाईंना यायचं नाही.

लतिका यायची त्या दिवशी सकाळी चंपतरावांनी दाराच्या खटक्याला तेल द्यायला घेतलं. लेकीसमोर तो अडायला नको. फ्यूज खिशात, पुठ्ठा पाटीवर, सगळं रीतसर. तेल दिलं, हात पुसले, तेवढ्यात नाक्यावर स्टाफ बसचा भोंगा वाजला. चंपतराव डबा उचलून धावले. दार ओढलं, ते बंद झालं. घराचा सगळा कारभार त्यांच्या शर्टाच्या खिशात बसून खापरखेड्याला गेला.

मी काहीच ऐकलं नाही. ऐकणार काय? घंटीही मेलेली, आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईनं हट्टानं एक हाकही मारली नव्हती. दुपारी चांद्याची एसटी आली आणि लतिका दारात उभी राहिली तेव्हा मी बाहेर आले. तिच्या हातात मोठी बॅग होती, आणि ती रिकामी असल्याचं दिसत होतं.

"आई, दार उघड."

"उघडत नाही वं," आतून आवाज आला. "तुह्या बाबाच्या खिशात फ्यूज गेला."

आम्ही दोघी खिडकीशी गेलो. रुखमाबाई घामानं भिजलेल्या, पंखा बंद, कूलर बंद, मांडीवर पाटी आणि पाटीवर पुठ्ठा. सकाळपासून त्यांनी तो पुठ्ठा काढला नव्हता.

लतिकाचा संयम सुटला. "पाह्यलं? हेच म्हणत होती मी! एखादवेळी काही झालं असतं तं? सुमतीकाकू, कोणाले बोलवा, दार तोडू."

"दाराले हात लावाचा नाही," रुखमाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मी दोन पावलं मागे सरले. "सुमतीबाई, तुमच्या घरची शेंगा तोडायची आकडी आणा."

शेवग्याच्या शेंगा तोडायला आमच्याकडे लांब बांबू आहे, टोकाला वाकडी सळई बांधलेली. मी तो आणला. खिडकी आणि दार एकाच भिंतीत, शेजारी शेजारी. खिडकीतून हात घातला तर आकडी दाराच्या खटक्यापर्यंत पोचत होती, पण बाहेरच्या माणसाला खटका दिसत नव्हता. तो दिसत होता फक्त खाटेवरून.

"लतिका, तू धर," रुखमाबाई म्हणाल्या. "मी सांगतो तसंच करजो. पहिले ऐकाचं, मंग काय ऐकलं ते मले सांगाचं, मंगच हलवाचं."

"आई, हे काय पॉवर हाऊस हाय का?"

"हाव. बांबू भिंतीले टेकव अन् हळूच वर घे. काय सांगितलं?"

"भिंतीले टेकवून वर," लतिका पुटपुटली.

"घे."

असं चाललं. थांब. वीतभर तुह्याकडं. सळई खाली वळव. लतिका आधी रागानं बोलत होती, मग नुसती बोलत होती, आणि मग मी पाहिलं, तिनं डोळे मिटले होते आणि कपाळ गजांना टेकवून ती फक्त आईचा आवाज ऐकत होती. एकदा सळई खटक्यावरून निसटली. मी "अगं जरा जोरात" म्हणून तोंड घातलं. दोघी मायलेकी एकदम म्हणाल्या, "तुम्ही मधात बोलू नका." मला राग आला. तो राग आजही थोडा आहे.

"आता अडकली. ओढ."

"ओढून राहिली."

खट्.

लतिका आत गेली ती थेट आईच्या अंगाला पाणी लावायला. मी सूप घेऊन वारा घातला. मायलेकींचं प्रेम मला दिसत होतं, पण लतिकाचं मत बदललेलं दिसत नव्हतं. तिनं आईला पाणी पाजलं, साडी बदलली, आणि मग कपाट उघडून आईच्या साड्या बॅगेत भरायला घेतल्या. "नशीब आज मी आली. नसती आली तं संध्याकाळलोक तू अशीच पडून राहिली असती."

ते खरंच होतं. मला वाईट वाटलं. आतापर्यंत एवढी हिकमत दाखवली आणि शेवटी बॅग ती बॅगच.

चंपतराव त्या दिवशी बसनं आले नाहीत, कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून लवकर आले. खिशात हात घालताना हाताला फ्यूज लागला, म्हणे, आणि त्यांनी ड्यूटी दुसऱ्याला सोपवून धाव घेतली. दारात उभे राहून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग बॅगेकडे. चेहरा असा झाला की मलाच बघवेना.

"चुकलं," ते म्हणाले. "मीच चुकलो."

रुखमाबाईंनी हात पुढे केला. त्यांनी फ्यूज त्या हातावर ठेवला.

"तिकडं परमिट कोण देते?" रुखमाबाईंनी विचारलं.

"कंट्रोल रूमवाला."

"अन् इथली कंट्रोल रूम कुठी हाय?"

चंपतरावांनी त्या पाटीकडे पाहिलं. "तुह्या मांडीवर."

"मंग आजपासून फ्यूज कोणाच्याच खिशात नाही जाणार. माह्या उशाशी राहीन. काम कराचं तं मले विचारा, काय करणार ते सांगा, झालं की वापस सांगा. घरातल्या कोणीच मले न विचारता माही वीज तोडाची नाही. आता फ्यूज लावाचा तं विचारा."

मला वाटलं हे थट्टेवारीनं चाललंय. पण चंपतराव खाटेच्या पायथ्याशी सरळ उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली, आणि साहेबासमोर बोलावं तसं म्हणाले, "पेटीत फ्यूज लावतो. पुठ्ठा मीच अडकवला होता, मीच काढतो. परवानगी आहे का?" उमरेडकडचा माणूस, बायकोशी बोलताना छापील मराठीवर आला होता. मला हसू आलं नाही.

"आहे," त्या म्हणाल्या.

पुठ्ठा निघाला, फ्यूज बसला. चंपतरावांनी दार ओढून घेतलं आणि पाटीवर दाराची बत्ती लागली. कूलर घरघरत सुरू झाला आणि ओल्या गवताचा वास आला.

लतिका कपाटापाशी उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग खाली बसली आणि बॅगेतली पहिली साडी बाहेर काढली, दुसरी काढली, सगळ्या काढून हातांवर रचल्या.

"आई," तिनं विचारलं, "ह्या कुठी ठेवू?"

दिवसभरच्या उकाड्यात, बंद दाराआड, लेकीच्या बोलण्यानंही ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या रुखमाबाई तेव्हा हमसून हमसून रडल्या.

"जिथं होत्या तिथंच ठेव वं," त्या म्हणाल्या.