वडाच्या जागी यू

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इंग्लंडात ब्रॅकनेलजवळच्या आमच्या खेड्यात चर्चच्या आवारात यू नावाची जुनी झाडं होती. खोडं पोकळ, फांद्या थडग्यांवर टेकलेल्या. गावातले गोरे ती दाखवताना असे फुगायचे, जणू स्वतः पाणी घालून वाढवलीत.

वटपौर्णिमा आली की आमच्या बायकांची पंचाईत. इथे वड कुठला? त्या वर्षी शेजारच्या डॉक्टरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, तोडगा काढला.

"जुनं झाड हवं ना? मग चर्चमधलं चालेल. देव काय पासपोर्ट बघतो?"

पाद्री "हाऊ लव्हली" म्हणाला. झालं! पैठण्या, वर कार्डिगन, पायांत ट्रेनर्स, अशा सगळ्या यूला सूत गुंडाळत फिरल्या. मी बाकावर बसून होते. मला हा नवरा याच जन्मापुरता पुरे होता. पण निघताना वहिनींनी डहाळ्या मोडल्या, तशी मी उठले.

"वहिनी, ते विषारी आहे. पान न् पान."

"तुला गं काय माहीत?"

"बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेय."

"तालुक्याच्या कॉलेजात ना?" त्या हसल्या. "आणि आम्ही काय पाला खाणार आहोत?"

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यांच्या लाउंजमध्ये मात्र भिंतभर घराण्यातल्या डॉक्टरांचे फोटो.

संध्याकाळी त्यांच्याकडेच हळदीकुंकवाला गेले. देवापुढे पाण्याचा तांब्या. आंब्याची पानं मिळाली नाहीत म्हणून त्यात यूच्या डहाळ्या, सकाळपासून भिजत. डॉक्टर हॉस्पिटलातून येऊन बूट काढतायत तोच वहिनींनी ते पाणी वाटीत ओतलं.

"अहो, तीर्थ घ्या."

मी वाटीवर हात ठेवला. "डॉक्टरसाहेब, याच्यानं हार्ट बंद पडतं."

"एवढ्याशा पाल्यानं? कमॉन!"

"मग प्या. सात जन्मांचं बुकिंग झालंय, पहिला आजच उरका."

त्यांचं हसू उतरलं. आत जाऊन त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. माझं नाही, पलीकडच्या कुणा ज्युनियरचं ऐकून तांब्या सिंकमध्ये ओतला आणि हात दोनदा धुतले.

पुढे एका जेवणात वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "बघा व्रताचा प्रभाव! त्याच दिवशी ह्यांच्यावरचं गंडांतर टळलं."

"वहिनी," मी म्हटलं, "ते गंडांतर तांब्यात तुम्हीच घातलं होतंत."

तेव्हापासून मला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. डॉक्टर मात्र बसस्टॉपवर मी दिसले की गाडी थांबवून लिफ्ट द्यायचे. बायको शेजारी नसली तर.