खालून नेलेलं विमान

विमानात काम करणाऱ्या सगळ्या पोरी तिला माई म्हणत. ती त्यांच्यात वयाने मोठी होती आणि कितीही रागावली तरी आवाज चढवत नसे. अर्धं आयुष्य तिने ढगांच्या वर ट्रॉली ढकलण्यात घालवलं होतं. वरची हवा कशी असते ते तिचं अंगच सांगायचं. ओठ कायम फुटलेले, नाक आतून सुकलेलं, संध्याकाळी पाय सुजून बुटात मावेनासे झालेले. वर जिभेची चव निम्मी होते, जेवण अळणी लागतं, बंद वेफर्सची पिशवी तट्ट फुगते, तान्ही बाळं कानात दडे बसून आकांत करतात. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासूबाई दोघीच. जेवताना हे सगळं ती त्यांना सांगायची.

"वर हवा नसतेच म्हणतात. मग तुम्ही श्वास कशाचा घेता गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"इंजिन बाहेरची हवा ओढून घेतं, दाबून आत सोडतं. आतली थोडी गाळून परत फिरवतात. तरी जमिनीवरच्यासारखी दाट होत नाही. उंच डोंगरावर जाऊन बसल्यासारखंच म्हणायचं."

"रोज डोंगर चढतेस, आणि आपला जिना चढताना मात्र धापा टाकतेस!" म्हातारी हसली.

धडधाकट माणसाला त्या डोंगराचा पत्ताही लागत नाही. पण एका दुपारी मधल्या रांगेतून बटण वाजलं. माई गेली तर खिडकीशी एक म्हातारा पाथरवट बसला होता. बोटं जाडजूड, पण छातीचा नुसता पिंजरा राहिलेला. जन्मभर दगड फोडला होता, आणि त्याची धूळ आत जाऊन बसली होती. शेजारी लेक होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघा ना, बाबांचे ओठ कसे झालेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं. खाली चांगले होते हो!"

ओठ निळे पडले होते. माईने ऑक्सिजनचं नळकांडं आणलं, मास्क लावला, पाठीमागे उशी सरकवली. हळूहळू रंग परतला. पण नळकांडी मोजकीच होती आणि प्रवास लांबचा. ती पुढे जाऊन कॅप्टनशी बोलली. त्याने जमिनीवरच्या डॉक्टरांना विचारलं. जवळच्या विमानतळावर उतरून म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवावं, असं ठरू लागलं.

माईने परत येऊन तसं सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याने मास्क बाजूला केला.

"मधेच उतरवू नका, बाई. धाकटा भाऊ वाट बघतोय. भांडून गेला होता घरातून. किती वर्षांनी... परवा त्यानेच फोन केला, ये म्हणाला."

"बाबा, बोलू नका," लेक म्हणाली.

"उतरलो तर परत कोण चढू देईल मला?"

माई पुन्हा कॅप्टनकडे गेली आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. "आपण खालून गेलो तर?" तिने विचारलं. "विमान खाली आलं की आतली हवाही दाट होईल."

"इंधन जास्त जाईल, माई. खाली ढग आहेत, हादरे बसतील." मग त्याने इंधन पाहिलं, डॉक्टरांना पुन्हा विचारलं, खालच्या वाटेची परवानगी घेतली. "पुरेल. पण त्याची तब्येत बिघडली तर मी उतरवणार. त्याला तसं स्पष्ट सांगा."

विमान खाली आलं आणि खडबडीत रस्त्यावरच्या गाडीसारखं हादरू लागलं. कुणाचा चहा सांडला, कुणी चिडून तक्रार केली. माईने सगळ्यांची माफी मागितली. लेक पलीकडच्या रिकाम्या जागेवर सरकली, तशी माई पाथरवटाशेजारी पट्टा बांधून बसली. त्याचा हात तिने हातात घेतला. तो खरखरीत होता, आणि मघाचा गारठा जाऊन आता त्याला ऊब येत चालली होती. मास्क लागत होताच, पण श्वास शांत पडला. थोड्या वेळाने त्याला डुलकी लागली, तेव्हा लेक तोंडावर ओढणी घेऊन रडली.

ते ठरलेल्या गावीच उतरले. विमानाच्या दाराशी चाकाची खुर्ची घेऊन, परवानगी काढून आत आलेला एक टकला म्हातारा उभा होता. खुर्ची विमानतळाच्या माणसाने ढकलायची, पण तो धाकटा भाऊ दांडी सोडायलाच तयार नव्हता. धाकट्याने थोरल्याचे पाय उचलून नीट खुर्चीच्या पायरीवर ठेवले आणि निघाला.

काही महिन्यांनी माईला ती लेक पुन्हा विमानात दिसली. या वेळी एकटीच होती.

"बाबा काकांकडेच वारले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत दोघं दारात खुर्च्या टाकून बसायचे. दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे भांडतायत की गप्पा मारतायत ते कळायचं नाही."

माईने पाण्याचा पेला आणून दिला आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मागच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली, तशी माई डोळे पुसून तिकडे गेली.