भुकेल्या नजरेचा फोटो

आमच्या शहालीबंडा मोहल्ल्यात ज्या हॉटेलाच्या दारावरचा फोटो बघून तोंडाला पाणी सुटेल, तो फोटो घौसभाईंनी काढलेला असतो आणि त्याचा फ्लेक्स मी छापलेला असतो. मला कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार आहेच. घौसभाईंना मात्र गल्लीतली मांजरंसुद्धा ओळखतात.

माणूस साधा. पोट सुटलेलं, कॅमेरा जुना, शर्टाच्या खिशात ताजं लिंबू. बाकीचे फोटोग्राफर बिर्याणीवर तेलाचा ब्रश फिरवतात, वाफेसाठी भलतेच धूर सोडतात. घौसभाईंची एकच युक्ती, ती म्हणजे उपाशी जायचं. "पोट भरलेलं असलं ना मियाँ, की बिर्याणी म्हणजे नुसता भात दिसतो," असं ते मला सांगायचे, आणि काम संपलं की ती अख्खी बिर्याणी स्वतः संपवायचे. एक घास खातोस का, असं तोंडदेखलंसुद्धा म्हणायचे नाहीत.

म्हणूनच त्यांचा खरा हंगाम रमजानचा. बिर्याणीचा फोटो कुणीही काढेल, हलीमचा काढून दाखवा! गहू आणि मटण सकाळपासून घोटून एकजीव केलेलं, रंग मातकट. जरा चुकलं की फोटोत भिंतीचा गिलावा दिसतो. घौसभाई पहिल्या रोज्याच्या दिवशी, घशाला कोरड पडलेली असताना त्या ताटलीकडे अशा काही नजरेने बघत, की ती नजर फोटोत उतरायची. खलील सेठना आपल्या हॉटेलासाठी दरवर्षी नवा फोटो लागायचा. मी एकदा म्हटलं, "सेठ, मागच्या वर्षीचाच लावा की." तर माझ्या अंगावरच आले, "शिळं हलीम विकू का मी?"

यंदा मात्र घोटाळा झाला. रमजानच्या तोंडावर घौसभाईंची साखर इतकी वाढली की डॉक्टरांनी रोजा धरायला साफ मनाई केली. आजारी माणसाला सूट असते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण लहानपणापासून एक रोजा न चुकवलेला माणूस तो, त्याच्या मनाला ते पटेना. त्यांची बायको रफियाभाभी दुपारी खिडक्या लावून त्यांना जेवायला वाढायच्या आणि हे चोरासारखे जेवायचे. गोळ्या मीच आणून देत होतो म्हणून मला माहीत. खलील सेठना कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती.

पहिल्या दिवशीचा फोटो सेठनी माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर बघितला. जवळून बघितला, लांबून बघितला.

"फोटो साफ आहे मियाँ. पण बघून भूक नाही लागत," ते म्हणाले. "उद्या पुन्हा काढा. नाही जमलं तर समोरच्या हॉटेलवाल्यासारखा मीही मुंबईचा माणूस बोलावतो."

सेठ गेले आणि घौसभाई माझ्या पायरीवर मटकन बसले. "डाळभात खाऊन गेलो होतो रे. हलीम दिसलंच नाही मला. आता कोण बोलावणार?" इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला रडू यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सेठ स्वतः हंडी घेऊन घौसभाईंच्या गच्चीवर आले. उजेड परतवायला मी पांढरा कोरा फ्लेक्स धरून उभा. घौसभाई ताटली इकडे सरकवत, तिकडे सरकवत, घाम पुसत. तेवढ्यात दोरीवरचे कपडे काढायला रफियाभाभी वर आल्या. त्यांचा रोजा होता. त्या ताटलीपाशी थबकल्या.

"हा कांदा असा मेल्यासारखा कोपऱ्यात का पडलाय?"

"तू वाळलेले कपडे काढ," घौसभाई खेकसले.

"कपडे वाळलेत, आता हलीमही वाळतंय. लिंबू लांब ठेवा ते, आत्ता आंबट कुणाला सुचतंय? मधे खळगा करा, तूप त्यात सोडा. हां. आता चमच्याने उचला जरा, तार सुटू दे. आणि जवळ जा हो! सकाळपासून पोटात पाणी नाही, एवढ्या लांबून बघून माझं काय होणार?"

घौसभाईंनी एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग ती जिथे बघेल तिथे कॅमेरा नेला. खटाखट फोटो निघाले. मी दुपारी पोटभर इडल्या हाणल्या होत्या, तरी कॅमेऱ्यात डोकावलो आणि आवंढा गिळला.

सेठ तर हरखूनच गेले. "सुभानअल्लाह! याला म्हणतात रोजेदाराचा हात!"

मी डोळ्यांनी खुणावत होतो, गप्प बसा. पण घौसभाईंना ते झेपलं नाही. "हात माझा आहे सेठ. रोजा हिचा आहे. मला साखरेनं गाठलंय, मी दुपारी जेवून आलोय." एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले.

सेठनी जिन्याकडे बघितलं, कुणी येत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "मियाँ, मी गोदामात जेवतो. गव्हाच्या पोत्यांमागे. नोकरांना सांगतो, माल मोजतोय, आत येऊ नका. मलाही साखर आहे."

मग घौसभाईंना जे हसू फुटलं! सेठ कठड्याला धरून हसत होते, घौसभाई डोळे पुसत हसत होते, आणि माझ्या हातातला फ्लेक्स केव्हाच खाली पडला होता. मला इतका आनंद झाला होता की सांगायची सोय नाही.

अजान झाली. दोघांचेही हात सवयीने ताटलीकडे गेले.

"हात मागे! आधी रोजेदार," भाभी कडाडल्या. त्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायलं आणि ताटली पुढ्यात ओढली. हे दोन मोठे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे बाजूला उभे.

दोन-चार घास झाल्यावर भाभींनी वर बघितलं. "खलीलभाई, उद्यापासून दुपारी इथंच या जेवायला. यांनाही एकट्याला घास उतरत नाही."

"पण भाभी, जेवण पथ्याचं..."

"पथ्याचंच मिळेल," भाभी म्हणाल्या. "पण दोघांनी बसून खायचं."