उलटं हसू

मला जळायला मोठं कारण लागत नाही, हे आधीच सांगते. या वेळी कारण होतं एक कंस, एक आडवी रेघ आणि दोन टिंबं.

नवरा वटार गावचा, वाडीवाला, म्हणजे बागायती करणारा. झाडं लावणाऱ्यांचा एक ऑनलाइन मंच आहे, तो हाच चालवतो. कोणाकडे कसली फांदी आहे, कोणाला कसलं रोप हवंय, हे तिथे चालतं. रोप मिळालं की आभार मानायचे नाहीत, मानले तर ते रुजत नाही, अशी तिथली समजूत. मग करायचं काय, तर नुसतं हसायचं. म्हणजे दोन टिंबं, रेघ आणि कंस टाइप करायचा. मान डावीकडे कलती केली की हसरा चेहरा दिसतो :-)

लग्नाआधी मी मनवेलपाड्यात राहायचे, चार कुंड्यांची मालकीण. मंचावर मी मोगऱ्याची फांदी मागितली. याने ती रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गावातल्या क्रूसापाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मी घरी येऊन रीतसर हसले. त्यावर याने तेच हसू उलटं टाइप केलं, आधी कंस, मग रेघ, मग टिंबं. खाली लिहिलं, 'तुमच्यासमोर माझं.' शेजारी शेजारी ठेवून बघा :-) (-: दोघं एकमेकांकडे तोंड करून बसतात. मी ते बघितलं आणि गेलेच कामातून.

तेव्हापासून उलटं हसू आमचं. बाकी जगाला सरळ. लग्न झाल्यावरही मी दुपारी ऑफिसातून, रात्री घरात समोर बसूनही त्याला उलटंच पाठवते. ते वाचताना त्याची मान उजवीकडे कलते, इतरांचं वाचताना डावीकडे. इतकी वर्षं समोर बसून बघतेय, मला पाठ आहे ते.

मग मंचाचं सॉफ्टवेअर बदललं. सरळ हसू टाइप केलं की त्याचं आपोआप पिवळं गोल चित्र व्हायला लागलं. सगळे वैतागले. उलटं हसू मात्र त्या यंत्राला ओळखता येईना, ते होतं तसंच राहिलं. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात बरी.

आणि अर्नाळ्याची ती बाई उगवली. फोटोच्या जागी अबोलीचा गजरा लावते, म्हणून मी तिला अबोली म्हणते. तिला मी भेटलेले नाही, भेटायचंही नाही. तिने मंचावर लिहिलं, 'माझ्या हसण्याला पिवळा रंग कोणी फासला हो?' तो 'हो' वाचूनच माझं डोकं फिरलं. याने लगेच उत्तर दिलं, 'उलटं टाइप करा, मग बदलत नाही.' आणि खाली नमुना म्हणून एक दिला. आमचा.

"आपलं हसू दिलंस तिला?" मी विचारलं.

"दिलं कसलं? तिची अडचण होती, उपाय सांगितला."

"दुसरा उपाय नव्हता?"

"सोपा हाच होता ना गं."

दोन दिवसांत सगळा मंच उलटा हसायला लागला. कढीपत्त्याच्या रोपाखाली उलटं, गांडूळखताखाली उलटं. बाकीच्यांचं मला काही नाही. पण अबोली याच्या प्रत्येक वाक्याखाली हजर, (-: आणि मी ते मोजत बसलेली.

मग मी समाजसेवा सुरू केली. "ती पिवळी चित्रं सगळ्यांसाठी बंद कर," म्हटलं.

"लोकांना आवडतील हळूहळू."

"तुझी शेणखताची यादी बघ. आठ लिहून पुढे कंस टाकलास, तिथे काळ्या चष्म्यातला चेहरा आलाय. लोकांनी काय समजायचं, शेणखत गॉगल लावून घालायचं?"

हे बरोबर लागलं. शेणखताची चेष्टा त्याला सोसत नाही. त्याने तिथल्या तिथे सेटिंग उघडलं आणि खूण काढून टाकली. पिवळी तोंडं गेली, जुन्या मजकुरातलीसुद्धा. त्याने मंचावर कळवलं की आता पूर्वीसारखं सरळ हसा. माणसं गुणी, संध्याकाळपर्यंत सगळी सरळ झाली. मला माझं हसू परत मिळालं होतं. त्या खुशीत मी बोंबील तळायला घेतले.

तो समोर ताट घेऊन बसला होता. माझे दोन्ही हात तांदळाच्या पिठात, माझा फोन आत चार्जिंगला. त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं, ओठांतल्या ओठांत हसला, आणि त्याची मान हळूच उजवीकडे कलली.