टिकली लावणारं एन्झाइम

कामाच्या जागी फाइल बंद होते, किस्सा बंद होत नाही. यवतमाळच्या आमच्या छोट्या केंद्रात जन्मजात दोष असलेली मुलं तपासायला येतात आणि मी तिथं समुपदेशक आहे. घरी कुणी विचारलं, आज काय झालं, तर हसू येईल तेवढंच सांगते. बाकीचं साठत जातं. उमरखेडकडच्या एका वंदनाच्या घरचेच किती साठलेत! हसत सुरुवात करते आणि मध्येच मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

*

वंदना पहिल्यांदा आली तेव्हा तिचा मुलगा दोन वर्षांचा होता. बसत नव्हता, बोलत नव्हता. मी त्याच्या डोक्याभोवती टेप धरली. सोबतच्या सासूबाई, अनसूयाबाई, म्हणाल्या, "टोपडं शिवता का, मॅडम?"

मी हसले. वंदनानं पिशवीतून एक टोपडं काढलं आणि पोराला घातलं. बरोब्बर बसलं!

"बारशाचं हाये," ती म्हणाली.

मी आकडा लिहून घेतला.

*

वंशावळ काढायला मला एरवी मोठा कागद लागतो. यांची मात्र पसरेचना! मामाची मुलगी करायची यांच्याकडे रीतच. अनसूयाबाईंनी सख्ख्या भावाची मुलगी सून करून आणलेली. म्हणजे वंदनाची सासू ही तिची आत्याच. रेघ खाली उतरायची आणि वळून त्याच आजोबांपाशी जायची.

आमचे ड्रायव्हर शेषरावभाऊ खांद्यावरून डोकावले. "मॅडम, हे तर यष्टीवानी झालं. जिथून निघाली तिथंच मुक्कामी!"

अनसूयाबाईंना वाटलं कौतुक चाललंय. त्या खूश झाल्या.

*

अनसूयाबाईंचं निदान आमच्या आधीच झालेलं होतं. "गरवार असतानी हिनं गिऱ्हानात भाजी चिरली!" दोन वर्षं वंदना हे ग्रहणाचं खापर ऐकत होती. तिला माहेरी धाडून नवऱ्याला दुसरी करून द्यायची, इथवर बोलणं गेलं होतं.

मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायला आम्ही रक्त घेतलं. वंदना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, रिपोर्टात माही चूक निघाली तर आत्याले सांगू नका."

पोराला काय झालंय, हे तिनं विचारलंच नाही.

*

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, त्यात आरएनए असतो. त्या आरएनएवर ठरलेल्या जागी एक एन्झाइम मेथिलची बारीक खूण लावतं. "टिकली लावल्यासारखी! ती लागली नाही, तर पोटातच मेंदूची वाढ मागे पडते. उंदरांत हे एन्झाइम बंद करून पाहिलं, तर त्यांची पिल्लंही खुरटी राहिली."

"मंग आमच्या वावरातल्या उंदरायचंबी बंद करा ना!" शेषरावभाऊ म्हणाले. सगळे हसले.

पुढच्या महिन्यात अनसूयाबाई नातवाला घेऊन आल्या. टाळूपासून कानापर्यंत कुंकवाचे ठिपके!

"रोज लावतो," त्या म्हणाल्या. "एकबी दिवस चुकवला नाही. कवा बसन हा?"

डॉक्टर म्हणाले, "चूक माझी." खरं तर टिकलीचं उदाहरण त्यांना मीच सुचवलं होतं. ते ठिपके मीच ओल्या कापसानं पुसले.

*

मग डॉक्टरांनी टिकली सोडून सांगितलं. एन्झाइम बनवणाऱ्या जीनची एक बिघडलेली प्रत आईकडून आली, एक बापाकडून. एकच आली असती तर पोर ठणठणीत असतं. आणि दोन्ही बहुतेक एकाच घरातून आल्यात.

अनसूयाबाईंनी वंशावळीतल्या त्या आजोबांवर बोट ठेवलं. "म्हणजे माह्या बापाच्या घरचं?"

"हो."

"अन् गिऱ्हानाचं काई नाई?"

"काही नाही."

त्यांनी पोराला मांडीवर घेतलं. "व माय, पोरीले म्या लय बोललो." वंदना रडली, मीही रडले. डॉक्टरांनी बजावलं, "आता तरी घरातल्या घरात सोयरीक करू नका." अनसूयाबाईंनी मान डोलावली. वंदना सासरीच राहिली. त्या दिवशी मी घरी गेले ती, आपल्या नोकरीला काही अर्थ आहे असं म्हणत.

*

परवा दोघी पुन्हा आल्या. वंदनाच्या कडेवर पोर, अनसूयाबाईंच्या हातात पेढे आणि लग्नाची पत्रिका. धाकट्या मुलाचं लग्न! मी पत्रिका उघडली. नवरी वंदनाची सख्खी धाकटी बहीण.

डॉक्टरांचा आवाज चढला. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"ध्यानात हाये ना, साहेब. पर तुमच्या रिपोर्टाची गोष्ट गावभर झाली. त्या घरच्या पोरीयच्या रक्तातच खोट हाये म्हणते लोक. सालभर एक स्थळ आलं नाई. भावाची पोर हाये, तिले कोणाच्या दारी टाकू? म्हणून म्याच मागून घेतली."

"निदान दोघांचं रक्त तरी तपासू."

"आता कायले? पत्रिका वाटल्या."

"आणि उद्या लेकरू असंच झालं तर?"

वंदना पोराच्या तोंडाची लाळ पुसत होती. अनसूयाबाईंनी तिच्या पाठीवर मायेनं हात ठेवला.

"वंदना हाये ना! तिले जमते आता."