मावशीचे कच्चे टाके

मावशीच्या कमरेचा पट्टा पांढरा, असं आपलं म्हणायचं. सात वर्षं घाम आणि धुणं खाऊन तो जुन्या पायपुसण्याच्या रंगाचा झाला होता. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासात रांग पट्ट्यांप्रमाणे लागते, वरचा पट्टा पुढे, खालचा मागे. तेव्हा सात वर्षं ही बाई रांगेच्या शेपटाशी, कालपरवा आलेल्यांच्यात उभी.

वय सेहेचाळीस, धंदा शिलाईचा. दुकान इतकं चिंचोळं की आरशात गिऱ्हाईक अर्धंच दिसायचं. मशीनवर वाकून वाकून पाठ धरली, डॉक्टरने व्यायाम सांगितला आणि भाचीने तिला या क्लासला ओढून नेलं. भाची तिसऱ्या आठवड्यात पळाली, मावशी राहिली. समोरच्याची मान नाहीतर कोपर अशा बेताने धरायचं की त्याने हाताने दोनदा थोपटून हार मानावी, एवढाच खेळ. कापड कुठे ओढलं की कुठे ताण येतो हे जन्मभर पाहिलेल्या बाईला तो आवडला नसता तरच नवल. कॉलर धरून गळा आवळण्यात तर तिच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

या खेळात पट्ट्याला परीक्षा नाही. पांढऱ्यानंतर निळा, मग जांभळा, तपकिरी, काळा. कुणाला कधी द्यायचा ते शिकवणारा ठरवतो. आणि पट्टा तोंडाने मागायचा नाही. शिकवणारा नेक असला तर याहून चांगली रीत नाही. नसला, तर ज्याच्या हाती ससा तो पारधी.

सर म्हणायचे, मी नुसते डाव बघत नाही, माणूस बघतो. आता बघत होते हे खरं. त्यांच्या विनोदावर कोण आधी हसतो ते बघत होते. मेव्हणा कोण लागतो ते तर बघावंही लागत नव्हतं. मावशीलाही त्यांनी एकदा नीट पाहिलं होतं. चौथ्या वर्षी पाहुण्यांसमोर डाव दाखवताना तिने त्यांची कॉलर धरली आणि सरांना थोपटावं लागलं. तेव्हापासून मावशीचं तंत्र बरं आहे पण अजून पिकलेलं नाही, असं ते सांगू लागले. केस पिकले, तंत्र काही पिकेना.

वर जखमेवर मीठ म्हणजे, पट्टे शिलाईला यायचे मावशीच्याच दुकानात. पट्ट्याच्या टोकाला नावाची कापडी पट्टी शिवायची, आणि सोबत नावांची यादी. दरवर्षी ती यादी खालून वर वाचायची, मग वरून खाली. नवरा यादीकडे बघायचाच नाही. तिच्या तोंडाकडे बघायचा आणि गुपचूप चहा टाकायचा.

यंदा तीन नावं होती. मेव्हण्याला जांभळा. कंत्राटदाराला निळा, कारण हॉलच्या नव्या गाद्या त्याने घातल्या होत्या. गडी अंगावर पडला तर उठत नसे आणि खाली सापडला तर सुटत नसे. तिसरं नाव नर्सचं. ड्युटी संपवून धावत यायची, मावशीकडून एकेक डाव घोटून घ्यायची. तिचं नाव वाचून मावशीला आनंद झाला आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. नर्सची पट्टी तिने मशीनवर चारी बाजूंनी दुहेरी मारली. उरलेल्या दोन पट्ट्यांना हातानेच कच्चे टाके घातले, ट्रायलच्या ब्लाउजला घालतात तसे.

पट्टा मिळाला की त्याच दिवशी एकेकाशी झुंजायचं, ही क्लासची पद्धत. तिसऱ्याच झुंजीत कंत्राटदाराचं नाव गळून गादीवर पडलं. मेव्हण्याचं तर कुणाच्या तरी घामट पायाला चिकटून हॉलभर फिरलं. नर्सच्या पट्टीचा एक दोरा हलला नाही. ही काय शिलाई झाली, असं सर सगळ्यांदेखत म्हणाले.

"फिटिंग बघून टाका घालते, सर," मावशी म्हणाली.

झालं. आठवडाभर कपडे बदलायच्या खोलीत जो तो आपल्या नावाची पट्टी ओढून बघत होता. खाई त्याला खवखवे. एका दुपारी सर स्वतःच दुकानात आले आणि काळा पट्टा टेबलावर ठेवून म्हणाले, टाके जरा तपासून द्या.

मावशीने पट्टी नखाने उचलून पाहिली. "हे पक्कं आहे, सर. शिवलं तेव्हा तुम्ही रोज झुंजत होतात."

सरांना हे झोंबलं. त्यांनी पिशवीतून कोरा निळा पट्टा काढला, मावशीचं तर केव्हाच ठरलं होतं म्हणाले, आणि या टाक्यांची गोष्ट आता आपल्यातच राहू द्या असंही म्हणाले.

ते गेल्यावर मावशीने दार लोटलं आणि पट्टा बांधून आरशासमोर उभी राहिली. अर्धाच दिसला. हवा होता हो तिला हा पट्टा, सात वर्षं जीव टाकला होता. आणि आता मिळाला तो तोंड बंद ठेवायला. तिला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिने कोऱ्या पट्टीवर स्वतःचं नाव भरलं, आणि ती पट्टी कच्च्या टाक्यांनी लावली.

दुसऱ्या दिवशी निळा पट्टा बांधून ती थेट सरांसमोर उभी राहिली. खालच्या पट्ट्याने वरच्याला झुंज मागायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

"पाच मिनिटं, सर. नाव टिकलं तर पक्कं करते."

सरांची कंबर नेमकी तेव्हाच धरली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.

मावशीने पट्टा सोडला, घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवला. पायपुसण्याच्या रंगाचा आपला पट्टा बांधला आणि रांगेच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली.

नर्स पुढून निघाली आणि तिच्याही मागे येऊन उभी राहिली. मग आणखी एक आला, मग दोघं, मग बाकीचेही. पुढे मेव्हणा आणि कंत्राटदार तेवढे राहिले. मेव्हण्याच्या पट्ट्यावर नावाच्या जागी अजून सुईची भोकंच होती.

शेवटी कंत्राटदारही हलला. शेपटाकडे जाता जाता मावशीपाशी थांबला आणि खाली वाकून हळूच म्हणाला,

"मावशी, माझी पट्टी इतक्यात नका शिवू. आधी खालून सुटायचं कसं ते शिकवा."