अर्जात लिहिलेला नर मासा

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. खून-दरोडा नव्हता, साधा अर्ज होता. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि खरं सांगायचं तर कामाचा कंटाळा आला होता.

मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतल्या एक काकू पोलीस ठाण्यात आल्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. नवऱ्याने पाळलेला एक मासा घरात होता. घराला रंग द्यायचा म्हणून तो पंधरा दिवसांसाठी बेव्हर्ली पार्कमधल्या ओळखीच्या गृहस्थांकडे ठेवला. परत मागितला तर उत्तर आलं, मासा मेला. पण काकूंनी नंतर त्या गृहस्थांच्याच टाकीत तो पाहिला होता.

मी अर्ज लिहून घेतला. "कोणता मासा?"

"मोठा गोल्डफिश."

"नर की मादी?"

"नर. हे त्याला राजा म्हणायचे."

मी तसंच लिहिलं, सही घेतली.

एका हवालदाराला आणि काकूंना घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेलो. चाळिशीचे, नोकरदार, बोलायला गोड. मी त्यांना अर्ज वाचून दाखवला. टाकीत दोन मासे होते. काकू जवळ गेल्या तसा त्यातला एक काचेशी आला.

"बघा, ओळखतोय मला," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी बोट पुढे केलं. मासा त्यांच्याकडेही गेला.

"साहेब, तो सगळ्यांकडेच येतो. काकूंचा मासा मेला, मी कुंडीत पुरला. हा मी नंतर विकत घेतलाय. पावती नाही ठेवली. आणि अर्ज वाचा ना. गोल्डफिश, नर. हा ऑस्कर आहे आणि मादी आहे. जात जुळत नाही, लिंग जुळत नाही."

त्यांचं म्हणणं तपासायला हवं होतं. मीरा रोडला माशांचं दुकान चालवणारे उत्तनचे एक जण माझ्या माहितीतले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी टाकीत एकदाच पाहिलं.

"गोल्डफिश न्हाय सायेब. सिक्लिडच्या जातीतला ऑस्कर हाय."

नर की मादी हे ऑस्करच्या रंगावरून किंवा आकारावरून कळत नाही, असं ते म्हणाले. हात ओले करून त्यांनी मासा जाळीत घेतला, पोटाची बाजू वर केली आणि शेपटीकडची प्रजननाची बारीक नळी निरखली. ती रुंद आणि बोथट होती.

"मादी हाय. नराची टोकदार असते." त्यांनी मासा लगेच पाण्यात सोडला.

मी काकूंना सांगितलं की आता अर्ज निकाली काढावा लागेल. त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग दुकानदारांना म्हणाल्या, "एक विचारते. आमचा राजा अधूनमधून टाकीतल्या टाइलवर दाणे चिकटवायचा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. रोग असेल म्हणून मी घासून काढायचे. मग तो दोन दिवस रुसायचा."

"काकी, ती अंडी. मादी एकटी असली तरी अंडी घालते."

"ह्यांनी फोटो काढला होता. दुकानात दाखवायला."

त्यांच्या पर्समध्ये नवऱ्याचा जुना मोबाइल होता. फोटोत टाइल, पांढरे दाणे आणि वर मासा. शेपटीच्या मुळाशी केशरी कडं असलेला काळा ठिपका आणि त्याला चिकटून तसाच अर्धा ठिपका. मी टाकीजवळ जाऊन पाहिलं. तोच दीड ठिपका.

मोबाइल मी गृहस्थांपुढे धरला.

"टाकीतला दुसरा, माझा नर एकटा होता," ते म्हणाले. "हिने इथे अंडी घातली तेव्हा कळलं ही मादी आहे, आणि राजा म्हणणाऱ्या काकूंना ते माहीतच नाही. तक्रार केली तर अर्जात त्या नरच लिहिणार, हेही कळलं."

काकूंना गुन्हा नोंदवायचा नव्हता. झाकणाच्या बादलीत मासा घेऊन त्या रिक्षात बसल्या. मला म्हणाल्या, "आता राजा कसं म्हणायचं हिला?"

"म्हणा तसंच. तिला चालत होतं ना इतके दिवस," मी म्हणालो.

खोटं त्या माणसाने सांगितलं, पण त्याला हत्यार दिलं मी. नाव, वय, पत्ता सगळं विचारलं. 'नर आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?' एवढंच विचारलं नाही. माणूस ऐकीव सांगतो, आपण ते ठाम अक्षरात लिहितो आणि मग त्यालाच त्यात पकडतो. तो प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक अर्जदाराला विचारला. नोकरीचे शेवटचे चार महिने. आधीच्या तीस-बत्तीस वर्षांतले जबाब आता कुठल्या कपाटात आहेत, मला माहीत नाही.